विनासायास, पण कुणाला?

जून २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या नऊ महिन्यांत माझं वजन ८२ किलोंवरून ७१ वर आलं. संध्याकाळी सात रस्ता चौकाकडं फिरायला गेलो की ओळखीचं कुणी ना कुणी थांबवायचं. "काय सर, निम्मे झालात की! काय करायलाय?" मग मी तिथंच, रिक्षांच्या गलक्यात उभा राहून, दोन वेळच्या जेवणाचं शास्त्र समजावून सांगायचो. बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण वर्गात कुणी इतकं कान देऊन ऐकल्याचं आठवत नाही.

याच नऊ महिन्यांत माझ्या बायकोचं वजन ५८ वरून ६२ झालं. मला ते कळलं पुढच्या उन्हाळ्यात. तिचा उजवा गुडघा धरायला लागला म्हणून डॉक्टरांकडं न्यायची फाईल मी लावत होतो. एक कागद जून २०२३ चा, एक मार्च २०२४ चा. दोन्हींवर कोपऱ्यात वजनाचा आकडा. आकड्यांशी माझी जन्माची ओळख, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवायला मला गुडघा दुखावा लागला, तोही तिचा.

एका घरात, एका गॅसवरचं खाऊन, एकाचं अकरानं उतरलं आणि दुसऱ्याचं चारनं चढलं. अकरातले चार घरातच राहिले, असं मी आधी गमतीनं म्हणालो. ती हसली नाही. तेव्हा हे चार किलो आले कुठून, याचा शोध घ्यायला बसलो.

माझ्या पद्धतीत माझं स्वतःचं काही नव्हतं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेला विचार त्यांच्या निधनानंतर (ते २००४ साली अपघातात गेले) लातूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढं नेला आणि महाराष्ट्रभर पोचवला. त्यातला युक्तिवाद सोपा आहे. काहीही खाल्लं की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवतं. रक्तात इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत शरीर साठवण करतं, साठवलेलं मोडत नाही. म्हणून खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळी जेवायचं, जेवण ५५ मिनिटांत उरकायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. पैसे लागत नाहीत, डबे-पावडरी विकत घ्याव्या लागत नाहीत. मोहिमेचं नावच 'विनासायास वेटलॉस'.

दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्यांचं 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' हे पुस्तक २००९ चं. दर दोन-तीन तासांनी थोडं खा, आजी खायची ते खा, तुपाला आणि भाताला भिऊ नका, असं त्यांचं सांगणं. २०१८-१९ च्या सुमाराला मराठी घरांत या दोन नावांवरून जी भांडणं झाली तशी आमच्या लहानपणी फक्त निवडणुकीत व्हायची. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पान वाढायच्या आधी विचारायचा, "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" गंमत अशी की पुष्कळ घरांत नवरा एकीकडं आणि बायको दुसरीकडं होती. आमच्याकडं मी कट्टर दीक्षितवाला झालो. बायकोनं कुणाचंच पुस्तक वाचलं नव्हतं. पण सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं, शाळेत मधल्या सुट्टीत डबा, साडेपाचला घरी आल्यावर शेंगदाण्याचा लाडू किंवा चिवडा आणि रात्री साडेआठला जेवण, असा तिचा तीस वर्षांचा क्रम असल्यामुळं ती आपोआप दुसऱ्या पक्षात गेली.

शास्त्रापुरतं बोलायचं तर दोन्ही बाजूंना थोडाथोडा आधार आहे. प्रागच्या संशोधकांनी २०१४ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या ५४ जणांवर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. तीच माणसं, कॅलरी तेवढ्याच; बारा आठवडे त्या सहा वेळांत वाटून आणि बारा आठवडे फक्त न्याहारी आणि दुपारचं जेवण अशा दोन वेळांत. सहा वेळांच्या काळात सरासरी २.३ किलो उतरले, दोन वेळांच्या काळात ३.७. जिचकार-दीक्षितांच्या बाजूचा हा चांगला पुरावा. उलट चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ जणांना वर्षभर मोजून कमी खायला दिलं. त्यातल्या निम्म्यांनी सगळं सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. २०२२ मध्ये निकाल आला: वेळ पाळणाऱ्यांचे ८ किलो गेले, न पाळणाऱ्यांचे ६.३. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, म्हणून संशोधकांनी वेळेला वेगळं श्रेय दिलं नाही. माझं मत विचाराल तर घड्याळाचा खरा उपयोग असा की नियम लक्षात ठेवायला सोपा जातो. 'थोडं कमी खा' हे पाळता येत नाही. 'सहानंतर नाही' हे पाळता येतं.

पण हे सगळे प्रयोग सुट्या माणसांवरचे. माणूस सुटा जेवत नाही.

जोडप्यांवरचे अभ्यास शोधायला लागलो तेव्हा आणखी बुचकळ्यात पडलो, कारण ते सगळे आमच्या फाईलच्या उलट बोलत होते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातला प्रसिद्ध अभ्यास: १२,०६७ माणसं, ३२ वर्षांच्या नोंदी. नवरा किंवा बायको लठ्ठ झाली तर जोडीदार लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते, असं २००७ मध्ये क्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी दाखवलं. इंग्लंडमधल्या ३,७२२ जोडप्यांच्या २०१५ मधल्या अभ्यासात उतरणीचंही तेच दिसलं. जोडीदाराचंही वजन उतरलं असेल तर वजन उतरवू शकलेल्या बायका ३६ टक्के, एरवी १५. पुरुष २६ टक्के, एरवी १०. अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठानं २०१८ मध्ये १३० जोडप्यांत फक्त एकालाच उपचार दिला, दुसऱ्याकडं मुद्दाम लक्षच दिलं नाही. तरी सहा महिन्यांत त्या दुसऱ्यांपैकी ३२ टक्के लोकांचं वजन तीन टक्के किंवा जास्त उतरलेलं निघालं. तळ्यात खडा टाकल्यावर लाटा काठापर्यंत जातात, तसं काहीसं. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या ५२ हजारांवर जोडप्यांचे आकडे तपासले गेले, त्यात सुमारे २७ टक्के जोडप्यांत दोघंही जास्त वजनाचे आढळले.

म्हणजे वजनं जोडीनं चढतात, जोडीनं उतरतात. मग आमच्या घरी लाट उलटी का फिरली?

विद्यार्थ्यांना मी जे शेकडो वेळा सांगितलं असेल ते इथं मलाच विसरायला झालं होतं. ३२ टक्क्यांचं उतरलं याचा अर्थ ६८ टक्क्यांचं तेवढं उतरलं नाही. सरासरीच्या पोटात ती घरंही असतात. शिवाय त्या अभ्यासांत कुणाचं वजन किती, हे मोजलेलं आहे. भांडं कुणी घासलं आणि उरलेलं कुणी संपवलं, हे मोजलेलं नाही.

मी मग आमचा दिवस कागदावर मांडला. माझ्या भुकेच्या वेळा ठरल्या सकाळी दहा आणि संध्याकाळी सहा. बायको अजून शिकवते, तिची शाळा बारा ते पाच. आधी आम्ही दोघं रात्री साडेआठला एकत्र बसायचो. आता ती साडेपाचला घरात पाऊल टाकायची आणि साडीसुद्धा न बदलता ओट्याशी उभी राहायची, कारण माझ्या पंचावन्न मिनिटांचा काटा सहाला सुरू व्हायचा. त्यातही मला आधी सॅलड, मग मोडाची उसळ, मग भाजी-भाकरी असा क्रम हवा. मटकी आदल्या दिवशी भिजवायची, बांधायची, काकड्या चिरायच्या. हे कोण करत होतं? 'विनासायास' हा शब्द मी सात रस्त्यावर उभा राहून किती सहज वापरत होतो! त्यात दीक्षितांचा काही दोष नाही. त्यांनी किती वेळा जेवायचं ते सांगितलं. कुणी रांधायचं, हे ठरवणं माझ्याकडं होतं, आणि मी ते न ठरवताच ठरलेलं होतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामाची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष चारांत एकच. मी त्या उरलेल्या तिघांतला. निवृत्त झाल्यावरसुद्धा.

आता चार किलोंकडं येतो. तेहतीस वर्षं दोघांचा (मुलगा होता तेव्हा तिघांचा) स्वयंपाक करून तिच्या हाताला माप बसलेलं आहे. वाटीनं मोजून ती कधी काही करत नाही, परातीत पीठ पडतं ते अंदाजानं. मी एक भाकरी कमी केली, भात सोडला, पण हाताचं माप तेच राहिलं. रोज काहीतरी उरायला लागलं. आणि उरलेलं टाकायचं नाही, हा मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला संस्कार. मालदांडी ज्वारीचं हे गाव, तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याही आधीपासून, दुष्काळाची आठवण असलेल्या त्या मुलखात भाकरीचा तुकडा पायदळी आला तर उचलून कपाळाला लावतात. चतुर्थीला शिरा केला, मी हात आडवा धरला, माझी वाटी तिच्या पानात गेली. सहाला माझ्याबरोबर ओट्याशी उभं राहून चव बघताना दोन घास, आणि साडेआठला तिचं नेहमीचं जेवण टीव्हीसमोर, एकटीचं.

हिशेब करून बघा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. चार किलो म्हणजे ३०,८००. नऊ महिन्यांचे दिवस २७०. दिवसाला सुमारे ११४ कॅलरी. शंभर ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३३५ कॅलरी मिळतात, आमच्याकडच्या एका भाकरीला साधारण सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरी २३५ ची. तेव्हा चार किलोंचं उत्तर निघालं रोजची अर्धी भाकरी. किंवा वीसेक ग्रॅम शेंगदाणे, जे आमच्या सोलापुरी शेंगाचटणीत बोलता बोलता पोटात जातात. (हा हिशेब सरळ रेषेचा आहे. प्रत्यक्षात वजन वाढतं तसा शरीराचा खर्चही थोडा वाढतो, तेव्हा खरा आकडा याहून काहीसा जास्त असणार. पण अर्धीची फार तर पाऊण भाकरी होईल, तीन नाही.)

मी माझ्या पानातली जी भाकरी काढली, तिचा अर्धा भाग टेबल ओलांडून पलीकडं गेला होता. गुपित एवढंच.

चार किलोंनी काय होतंय, असं कुणी म्हणेल. तिची उंची १५२ सेंटिमीटर. ५८ किलोंना तिचा बीएमआय २५ होता, ६२ ला २७ च्या जवळ गेला. युरोपात २५ पर्यंत ठीक मानतात, आपल्यासाठी मर्यादा २३ ची. त्याचं कारण पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या एका छायाचित्रात दिसतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते, दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसतो त्याहून आत जाड असतो. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता, शेवटी डोळे गेले. बायकोची साखर अजून हद्दीत आहे, पण ती हद्द लांब नाही. माझी एचबीएवनसी ६.२ वरून ५.६ वर आली म्हणून मी पेढे वाटायचा तेवढा राहिलो होतो, तेव्हा तिची दोन वर्षांत कुणी तपासलेलीच नव्हती.

कोण आधी जेवतं आणि कोण मागून, हा प्रश्न आपल्याकडच्या मोठ्या सर्वेक्षणांतही विचारला जातो. इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हेत तो आहे. आमच्या आईच्या पिढीत उत्तर ठरलेलं होतं. आम्ही दोघं एकत्र बसून जेवणारं आमच्या घराण्यातलं पहिलं जोडपं, याचा मला अभिमान होता. आणि आहारशास्त्राच्या नावाखाली, साठीनंतर, मी आईच्या काळातली पंगत परत आणली: पुरुष सहाला, बाई मागाहून.

सगळा हिशेब मांडून मी तिच्यापुढं कागद ठेवला. मला वाटलं होतं, आता आपण दोघांनी मिळून सुरू करू, अर्धी भाकरी कमी, प्रश्न मिटला. तिनं कागद नीट वाचला. शिक्षिकाच ती, एक बेरीज तपासलीसुद्धा. मग म्हणाली, "अहो, बारीक व्हायचंय असं मी कधी म्हटलं? मला एकटीनं जेवायचं नव्हतं, एवढंच."

आणि थोड्या वेळानं, "सात रस्त्यावर जाणंसुद्धा बंद केलंत तुम्ही."

मी तर रोज जात होतो. तिच्या म्हणण्याचा अर्थ कळायला मला क्षणभर लागला. माझं जाणं म्हणजे हातात घड्याळ, ४५ मिनिटं, साडेचार किलोमीटर. तिला ते झेपत नाही, म्हणून एकट्याचं. त्याच्या आधी कितीतरी वर्षं आम्ही शनिवारी संध्याकाळी चालत सात रस्त्यापर्यंत जायचो. हे सात रस्ते नेमके कुठले, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही. ती एक गल्ली धरते, मी धरत नाही. तिथं एका गाडीवर एक प्लेट कांदाभजी दोघांत घ्यायची, कटिंग चहा प्यायचा, शाळेतलं-कॉलेजातलं बोलायचं आणि परत यायचं. घरात बोलायला लागलं की पगार, मुलाचं शिक्षण, गळकं छत असे विषय निघतात. गाडीवर ते निघत नसत. जून २०२३ मध्ये मी भजी सोडली, तेव्हा कॅलरींच्या वहीत तीनशेची बचत लिहिली. दुसऱ्या रकान्यात काही लिहायचं असतं, हे सुचलंच नाही.

एकानं खाणं बदललं आणि दुसऱ्यानं नाही, म्हणजे अडचण पदार्थांची, असं आपण धरून चालतो. त्याला पोळी हवी, हिला भाकरी, त्याला गोड बंद, हिला उपवासाची साबुदाणा खिचडी. माझ्या अनुभवात पदार्थांचं निभतं. निभत नाही ते पातेल्याचं माप, ओट्याशी उभं राहणं आणि जेवणाची वेळ. शिवाय बदलणारा माणूस घरात थोडा सोवळा होतो. पाहुणे आले की तो हात जोडून बाजूला बसतो, आणि ज्यानं आग्रहानं रांधलंय त्याचा चेहरा त्याला दिसत नाही. मोठ्या मेहनतीनं केलेल्या शेंगापोळीला मी संक्रांतीला 'यात गूळ आहे' म्हणालो होतो. गूळ असणारच, शेंगापोळी आहे ती!

आम्ही जे केलं ते फार नाही. माझी संध्याकाळची भूक मी साडेसातला हलवली. आठवडाभर पोट कुरकुरलं, मग ऐकायला लागलं. तिनं साडेआठचं साडेसात केलं, तेही कटकट करून, कारण तिची मालिका आठला असते. मटकी भिजवणं, बांधणं, काकड्या-गाजरं चिरणं माझ्याकडं आलं. भाताचं माप मी वाटीनं घालतो. शनिवारी आम्ही साडेसातला घरातून निघतो, भजीची प्लेट येते तेव्हा माझी पंचावन्न मिनिटं सुरू होतात, आणि घरी येऊन उसळ खाईपर्यंत ती संपायची असतात. नियम मोडत नाही, पण परत येताना मला पावलं उचलावी लागतात आणि ती गुडघ्याचं निमित्त करून मुद्दाम हळू चालते. माझं वजन आता ७३ आहे. दोन किलो परत आले. तिचं किती आहे, मला माहीत नाही. साखर मात्र तपासून घेतली, ती हद्दीत आहे.

भाकरी मला काही जमली नाही. दोन महिने खटपट केली, परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. शेवटी बायकोनंच तोडगा काढला. आठवड्यातले चार दिवस रात्री ताजी भाकरी बंद आणि कडक भाकरी सुरू. सोलापूरच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो: ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापून पार कडक होईपर्यंत भाजतात, तिच्यात पाण्याचा अंश राहत नाही, त्यामुळं ती आठवडेच्या आठवडे टिकते. बचत गटांच्या बायका करतात, पाकिटं सगळीकडं मिळतात. वजनानं ती हलकी म्हणून कमी पोषक असा समज आहे, तो खोटा. पीठ पिठाइतकंच भरतं, फक्त पाणी गेलेलं असतं.

पण ती शिळी होत नाही. मोडून अर्धी घ्यावी, उरलेली अर्धी डब्यात परत टाकावी. कुणी संपवायची गरज नाही. डबा आता टेबलावर मधोमध असतो, शेजारी शेंगाचटणीची बरणी. त्यात किती भाकऱ्या आहेत ते मी मोजत नाही, आणि मी मोजत नाही ना, हे ती अधूनमधून बघते.